बावीस सेकंदांचा सत्कार

आमच्या गावात वेळ मोजायचा अधिकार एकाच माणसाकडे आहे, तो म्हणजे सुभेदारांकडे. सैन्यातून घरी येऊन वीस वर्षं होत आली, पण गळ्यातलं स्टॉपवॉच काही उतरलं नाही. पहाटे उंब्रजच्या रस्त्याला भरतीची पोरं सोळाशे मीटर पळतात, तेव्हा हे ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून शिट्टी फुंकतात आणि कोण पास, कोण नापास ते ठरवतात. तिथवर ठीक. पण घरी चहा यायला किती वेळ लागला, एसटी थांब्यावर किती थांबली, कीर्तनकारानं मूळ अभंगावर यायला किती मिनिटं खाल्ली, हेही ते मोजतात. मोजून पुढं काय करतात ते कुणाला ठाऊक नाही. मोजलं म्हणजे काम झालं, अशी त्यांची समजूत. ती समजूत आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेला एवढी पटली, की तिनं त्यांना अध्यक्षच करून टाकलं.

संघटनेचं एक भवन आहे. भवन म्हणजे पत्र्याचा हॉल, पुढं झेंड्याचा खांब, आत फोटो, खुर्च्या आणि दोन कॉम्प्युटर. दोन्ही एकाच दिवशी आलेले, एकाच रंगाचे, जुळे भाऊ म्हणा. त्या कॉम्प्युटरवर बसणारी मी. पगार नाही, मान आहे असं सगळे सांगतात. मानाचं दर्शन मला अजून व्हायचंय.

मी हे कुठं शिकले म्हणून लोक विचारतात. कुठं शिकणार? शाळा सातवी. माहेर तासगावकडचं, तिथं लहानपणापासून बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसायचे. हिरवा इकडं, काळपट तिकडं, देठ काढून टाक. एकेक दाणा बघायची सवय लागली. आमचे मालक सैन्यातले, ते वारल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी साताऱ्याला इतके हेलपाटे घातले, की एसटीचे कंडक्टर मला नावानं ओळखायला लागले. तिथला एक कारकून मी काही विचारलं की कॉम्प्युटरचं तोंड आपल्याकडं फिरवून घ्यायचा, जसं काही त्यात त्याच्या बायकोची पत्रं होती. तेव्हाच म्हटलं, ह्यात काय आहे ते बघायचंच. भवनात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, हे जुळे यायच्या आधीचा, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर हळदकुंकू वाहिलेलं. दसऱ्याला पूजा व्हायची, बाकी वर्षभर कुणी हात लावत नव्हतं. मी पिशवी काढली आणि बेदाणे निवडावेत तशा कळा निवडत बसले. वर्षानं मला अर्ज टाइप करता यायला लागला. तेव्हापासून दर नोव्हेंबरला गावातल्या सगळ्या पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मी काढते.

हयातीचा दाखला म्हणजे काय, तर आपण अजून मेलो नाही हे सरकारला दर वर्षी पटवून द्यायचं. काडेपेटीएवढं एक यंत्र असतं, ते कॉम्प्युटरला जोडायचं, त्याच्या काचेवर बोट ठेवायचं. काचेखाली लाल दिवा लागतो, बोट जुळलं की दाखला निघतो. नाही जुळलं आणि महिना संपला, की पेन्शन बंद. माणूस ओट्यावर बसून तंबाखू मळत असला तरी बंद.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं गेल्या सालात तेच झालं. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, तोंड पंचविशीतलं. त्यांचे मालक, म्हणजे माझे चुलत दीर, लढाईच्या काळात शिपाई होते, त्यांची पेन्शन आक्कांना येते. त्यावर त्यांची मिश्री, चहा, म्हशीची पेंड आणि मुख्य म्हणजे ताठा चालतो. गेल्या वर्षी दाखला हुकला आणि चार महिने काहीच आलं नाही. चार महिने मिश्रीच्या डबीसाठी सुनेला सांगावं लागलं. सून वाईट नाही, आणून द्यायची. पण देताना "एवढ्यात संपली?" असं विचारायची. आक्का मला म्हणाल्या होत्या, "धाकटे, नवरा गेला तवा रडले न्हाई येवढी त्या डबीपायी रडले. पुन्हा माझं आसं करू नगंस." मी त्यांना शब्द दिला होता. हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की पुढं जो तमाशा झाला त्यात सगळ्यांना सेकंद दिसत होते आणि मला ती डबी दिसत होती.

दसऱ्याला सुभेदारांचे चिरंजीव गावी आले. पुण्यात मोठ्या कंपनीत इंजिनिअर, आता घरूनच काम करतात, म्हणजे दिवसभर पायजमा आणि वर शर्ट. भवनात पूजेला आले तेव्हा मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि सवयीनं बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालून, दोन पणत्या पुसून परत आले.

"काकी, हे रोज आसंच?" त्यांनी विचारलं.

"रोज कुठं? थंडीत जरा जास्त लागतंय. मग मी पायरी पण झाडून घेते."

त्यांना माझी कीव आली. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि चांगलं समजावलं, खोटं कशाला बोलू. कॉम्प्युटरच्या आत एक कारभारीण असते. बटण दाबलं की ती उठते, दिवा लावते, कोण काय मागतंय ते बघते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायचं. आमच्याकडं होती ती नेहमीची, खिडकीच्या चिन्हाची, सगळ्या ऑफिसांतून असते ती. दुसरी एक असते फुकट मिळणारी, पेंग्विनच्या चित्राची. ती हलकी, चपळ, आणि जुन्या मशीनवर पळते.

"पळते" हा शब्द सुभेदारांच्या कानावर पडला आणि माझ्या नशिबाचा फेरा सुरू झाला.

"पळतीय? किती येळात?" त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं.

"आप्पा, ते आसं न्हाई सांगता येत. मशीनवर आसतंय."

"मग मशीनवर बघू. जुळी हायत न्हवं? एकीवर ही, एकीवर ती. रविवारी ट्रायल."

रविवारी भवनात गर्दी म्हणजे काय सांगू! सैन्यातनं निवृत्त झालेल्या माणसाला गावात करायला फारसं काही नसतं. शर्यत म्हटल्यावर पन्नास-साठ जण आले. कुणी खिडकीवालीच्या बाजूनं, कुणी पेंग्विनवालीच्या. यातल्या एकानंही आयुष्यात कॉम्प्युटरचं बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळं मतं अगदी ठाम होती. एक हवालदार मला सांगत होते, "वैनी, पेंग्विन बर्फातला प्राणी हाय, मशीन तापायचं न्हाई." मी म्हटलं, "आवं, मग म्हशीचं चित्र लावू, दूध पण दील."

मागच्या बाजूला आक्का खुर्ची धरून बसल्या होत्या. त्यांना कोण पळतंय ते कळेना. "माणसं कुठायत?" त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर पळणार हायत, आक्का." "बसल्या जागी?" "व्हय." "मग हे माजी सैनिकांचंच काम हाय," त्या म्हणाल्या आणि पुढची रांग वळून बघायला लागली.

दोन्ही मशीन एकाच बोर्डाला जोडली, म्हणजे एका बटणानं दोघांना करंट. सुभेदारांनी शिट्टी फुंकली. आणि काय सांगावं, खिडकीवाली झटक्यात उभी राहिली! बारा-तेरा सेकंदांत चित्र. तिच्या पक्षानं टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरांचा चेहरा पडला, पण ते पुढं झाले आणि काही तरी बघून म्हणाले, "आप्पा, ही फाउल हाय. ही बंद न्हवतीच. बंद केल्यासारखं दाखवती, पर आर्धं काम मनात धरून झोपती. उठली की तिथनंच पुढं. काकी रोज सरळ भिंतीवरचं बटण बंद करत्यात, तवा हिला हे जमत न्हाई."

"म्हंजे डुलकी काढत हुती?"

"तसंच म्हणा."

सुभेदार असे काही लाल झाले, की मला वाटलं आता कॉम्प्युटरला पाठीवर दगड घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. "पहाऱ्यावर डुलकी! आन वर पयला नंबर घ्यायला बघतीया!" त्यांनी पहिली फेरी रद्द केली. इंजिनिअरांनी तिची डुलकी काढायची खोड आत जाऊन बंद केली. मला खरं म्हणजे तिची दया आली. आम्ही बायका पण अशाच झोपतो, अर्धं काम मनात धरून. म्हणून तर उठल्या उठल्या चूल पेटते.

दुसऱ्या फेरीत मात्र पेंग्विनवाली बावीस सेकंदांत उभी. खिडकीवालीला जवळजवळ दोन मिनिटं लागली. तेवढा वेळ पडद्यावर नुसता एक गोल फिरत होता, आणि साठ माणसं त्या गोलाकडं बघत मान फिरवत होती. तिसरी फेरी, तेच. मग दुसऱ्या परीक्षा झाल्या. नुसतं बसल्या जागी कोण किती मेमरी खातं? खिडकीवाली चौपट खात होती. "पलटणीच्या लंगरात जेवायला आसला गडी परवडत न्हाई," सुभेदार म्हणाले. मग दोघींवर त्यांच्या जवानीतल्या परेडचा मोठा फोटो उघडून बघितला, कुणावर आधी दिसतो. तिथंही पेंग्विनवाली पुढं. फोटो मात्र दोघींनी सारखाच दाखवला, त्यात सुभेदार तिसऱ्या रांगेत होते आणि दिसत नव्हते.

मी तेवढ्यात तोंड उघडलं. म्हटलं, "सुभेदार, एक विचारू का? चित्र आलं म्हंजे चालू झालं, आसं कसं? माझं काम बोटाच्या यंत्राचं. त्याचा लाल दिवा लागंल तवा माझ्यासाठी चालू. तितवर घड्याळ बंद करू नका."

"वैनी, सोळाशे मीटरला दोरी कुठं आसती? शेवटाला. पोरगं दोरीच्या पुढं पळून घरी गेलं का न्हाई, ते आमी मोजत न्हाई."

"पर मला घरीच जायचंय की."

हशा झाला. कुणी तरी "वैनींना सरबत द्या" म्हणालं, आणि सरबत मीच केलेलं होतं.

सून निवडतानाही आमच्याकडं हेच. चालून दाखव, वाचून दाखव, सुईत दोरा ओव. घर चालवता येतंय का, ते लग्न झाल्यावर सासू बघते. 

मग सत्कार. आमच्या भागात माणूस शिंकून थांबला तरी शाल-श्रीफळ देतात, इथं तर बावीस सेकंद झाले होते. इंजिनिअरांना फेटा बांधला, शाल घातली. शाल वडिलांनी मुलाला घातली, मुलानं वडिलांच्या पाया पडून तीच शाल वडिलांना घातली, फोटो दोन्हींचे निघाले. भाषणात सुभेदार म्हणाले, की आता आपलं भवन जगाच्या बरोबरीनं धावणार. त्याच झटक्यात ठराव झाला, की दोन्ही मशीनवर पेंग्विनवालीच बसवायची आणि खिडकीवालीला मुळासकट पुसायचं. मी हात वर केला, म्हटलं, "नोव्हेंबर येतोय. एकीवर तरी जुनी राहू द्या." तेव्हा फेटा बांधलेले म्हणाले, "काकी, सवय सुटायची भीती वाटतीय तुमाला. दोन दिवसांत आवडंल."

आवडली की! अगदी दोन दिवसांत आवडली. बटण दाबलं की हजर. मधेच "थांबा, मी स्वतःला सुधारतेय, वीज बंद करू नका" अशी तक्रार नाही. तुळशीला पाणी घालायला वेगळा वेळ काढावा लागायला लागला. मी पत्र टाइप केलं, अर्ज काढले. बेदाण्यासारखी लखलखीत हिरवी, दिसायलाही आणि चालायलाही. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी बोटाचं यंत्र जोडलं, तर लाल दिवा लागेना.

काढून जोडलं. पुसून जोडलं. फुंकर मारून जोडलं. दुसऱ्या मशीनला जोडलं. नाही. पुण्याला फोन लावला. इंजिनिअर म्हणाले, "काकी, त्या यंत्राशी बोलायचं कसं, ते सिस्टीमला शिकवायला लागतंय. यंत्र बनवणाऱ्यांनी ते फक्त जुनीसाठी लिहिलेलं दिसतंय. मी करतो काय तरी. दोन दिवस द्या."

त्या दोन दिवसांचे आठ झाले, मग पंधरा. दर वेळी "मीटिंगमध्ये हाय काकी." सुभेदारांना सांगितलं तर ते म्हणाले, "पर चालू हुतीय न्हवं बावीस सेकंदांत?" म्हटलं, "हुतीय." "मग झालं तर." स्वतःचा दाखला त्यांनी केव्हाच मोबाइलवर तोंड दाखवून काढला होता.

हो, तीही सोय आहे. मोबाइलपुढं चेहरा धरायचा, तो सांगेल तशी पापणी मिटायची, उघडायची. गावातले बरेचसे तसे निघाले, थोडे बँकेत जाऊन आले. राहिल्या आक्का. त्यांच्या डोळ्याचं मिरजेला नुकतंच ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा, धुळीत जायचं नाही, गाडीचा धक्का नको, डॉक्टरांची ताकीद. तरी मी मोबाइल घेऊन गेले, चष्मा काढायला लावला आणि म्हटलं, "आक्का, जरा डोळा मिचकवा."

"काय करू?"

"डोळा. मिचकवा. मोबाइलकडं बघून."

"आगं बये! म्हातारा हुता तवा त्याच्याकडं बघून कवा मिचकावला न्हाई, आन आता सरकारकडं बघून मिचकवू?"

हसून हसून पुरेवाट झाली, पण त्या डोळ्यात पाणीच इतकं येत होतं की मोबाइलला चेहरा काही पटेना. तीन दिवस तेच. आक्का वरून चेष्टा करत होत्या, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "सुनंला डबीचं आत्ताच सांगून ठिवू का?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी सरळ सुभेदारांच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, "आज आक्कांचा दाखला झाला न्हाई तर मी भवनाची किल्ली तुमच्या हातात देणार, आन सत्काराचा फोटो घेऊन आक्कांच्या सुनंला दाखवणार, की हेच ते बावीस सेकंद." नशीब म्हणा, इंजिनिअर आदल्या दिवशीच गावी आलेले. पायजम्यावरच निघाले.

आक्कांना रिक्षातनं हळूहळू भवनात आणलं. इंजिनिअरांनी आधी आपला स्वतःचा लॅपटॉप काढला. चंदेरी, पापडाएवढा पातळ, फळाच्या चिन्हाचा. झाकण अर्धं उचललं तोच तो जागा! सुभेदारांचा अंगठा स्टॉपवॉचवर पोचेपर्यंत सगळं उघडून झालेलं. "हे बघा! शून्य सेकंद!" ते ओरडले. मी बोटाचं यंत्र पुढं केलं. इंजिनिअरांनी लॅपटॉप इकडून बघितला, तिकडून बघितला. यंत्राची वायर जाईल असं भोकच त्याला नव्हतं. मधे लावायचा एक जोड असतो म्हणे, तो पुण्यात टेबलावर राहिलेला.

"येवढा म्हागाचा आन भोक न्हाई?" आक्का म्हणाल्या. "आमच्या पत्र्याला हायत की ढीगभर."

मग त्यांनी एका मशीनवर खिडकीवालीला परत बोलवायचं ठरवलं. पुसलेल्या सुनेला परत आणायचं म्हणजे सोपं असतंय का? पेनड्राइव्ह लावला, टक्के मोजायला सुरुवात झाली. दहा टक्के. अठरा टक्के. सुभेदार प्रत्येक टक्क्याला घड्याळ बघत होते. आक्का खुर्चीत बसल्या होत्या, पदर डोळ्याला लावून. चाळीस टक्क्यांना चहा झाला. त्रेसष्ट टक्क्यांना वीज गेली.

भवनाला इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी गणपतीत मंडळानं स्पीकरसाठी नेली होती. आणायचा ठराव झाला होता, बॅटरी आली नव्हती. आता त्या मशीनवर ना खिडकी होती ना पेंग्विन, नुसता काळा पडदा आणि त्यात आम्हा चौघांची तोंडं.

माझ्या घरी एक कॉम्प्युटर आहे. भवनात सगळ्यात आधी आलेला, हळदकुंकवाचा तो. नवे आले तेव्हा तो भंगारात निघाला, मी मागून घेतला. त्याच्यावर अजून जुनीच आहे, आणि ती इतकी जुनी, की तिची विचारपूस करायला आता तिचे माहेरचेही येत नाहीत. शर्यतीच्या दिवशी मी त्याचं नावही काढलं नव्हतं, माझीच अब्रू गेली असती, आणि सरकारी कामाला तो आता टिकेल असं वाटत नव्हतं म्हणून महिनाभरही त्याला हात लावला नव्हता. म्हटलं, "चला माझ्या घरी. इन्व्हर्टर हाय, पर म्हातारा झालाय, अर्ध्या तासाच्या पुढं दम धरत न्हाई."

घरी आलो, बटण दाबलं. आतून ट्रॅक्टर चढावर लागल्यासारखा आवाज सुरू झाला. इंजिनिअर माझ्याकडं बघायला लागले. "काकी, किती वेळ?" म्हटलं, "दूध तापून उतू जायच्या आत हुतंय." चौघं त्या आवाजाकडं कान लावून बसलो. सुभेदारांनी सवयीनं घड्याळ धरलं, मग आक्कांकडं बघितलं आणि खिशात घातलं. गावात आल्यापासून मी पहिल्यांदा त्यांना काही न मोजता बसलेलं बघितलं. माणूस बरा दिसतो तसा.

चित्र यायला नऊएक मिनिटं लागली असतील. आल्या आल्या त्यानं विचारलं, स्वतःला सुधारून घेऊ का? म्हटलं, आज नको बाबा, आज हाय तसाच राहा. मोबाइलवरून इंटरनेट दिलं. यंत्र जोडलं. काचेखाली लाल दिवा लागला. इंजिनिअरांनी तो दिवा बघितला आणि मान खाली घातली. 

आता बोटं. मी ओल्या फडक्यानं आक्कांचा उजवा अंगठा पुसला, काचेवर दाबला. जुळत नाही. जरा तेलाचा हात लावून, पुसून. जुळत नाही. तर्जनी. नाही. ऐंशी वर्षं ऊस, म्हैस, राख, चूल. बोटांवर रेघा राहतात कुठं? उजवा हात संपला. इन्व्हर्टर टी-टी करायला लागला.

"डावा घे," आक्का म्हणाल्या. आवाज बारीक झालेला.

अंगठा नाही. तर्जनी नाही, तिच्यावर विळ्याचा जुना वण. मधलं नाही. अनामिका नाही. इंजिनिअर वाकून बघत होते, घाम आला होता त्यांना. राहिली करंगळी. मी ती काचेवर ठेवली आणि वरून माझ्या दोन बोटांनी दाबून धरली, अगदी चिमणी धरावी तशी. पडद्यावर एक गोल फिरला. फिरतच राहिला. मग हिरवी अक्षरं आली.

"जुळलं," इंजिनिअर ओरडले.

मी दाखला साठवून घेतला, नंबर कागदावर लिहिला आणि इन्व्हर्टरनं मान टाकली.

"झालं?" आक्का.

"झालं, आक्का."

"कंच्या बोटानं?"

"डाव्या करंगळीनं."

आक्कांनी करंगळी चष्म्याजवळ नेऊन नीट बघितली. "ही? हिनं जल्मात काय केलं न्हाई गं. भाकरीला न्हाई, धारंला न्हाई. नऊ जणी राबून राबून झिजल्या, त्यांस्नी सरकार ओळखीना. आन ही आयतोबा बराबर वळखली!" मग त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. "तुमी काय मनाला लावून घिऊ नगा. तुमच्या दाही जुळत्याल."

सुभेदार हसले, पण हळू. जाताना इंजिनिअरांनी आक्कांना हात देऊन रिक्षापर्यंत नेलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी भवनातल्या एका मशीनवर जुनी परत बसवली, दुसरीवर नवी राहू दिली. संघटनेच्या वार्षिक अहवालात मात्र "अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली सर्व सभासदांचे हयातीचे दाखले वेळेत" असं आलं, आणि ते मलाच टाइप करायला लावलं. मी टाइप केलं. बावीस सेकंदांत उभी राहणाऱ्या मशीनवर केलं, खोटं लवकर लिहून होतं.

आक्कांची पेन्शन चालू आहे. डोळाही निवळला. परवा सकाळी गेले, तर गोठ्यात म्हैस पिळत बसल्या होत्या आणि डाव्या हाताची करंगळी तेवढी बाजूला, ताठ. सून दारातनं म्हणाली, "बघा की, भाकरी थापताना पण तसंच. भांडी घासतानी त्या बोटाला चिंधी गुंडाळतात. सांगून ऐकत न्हाईत."

मी म्हटलं, "आक्का, अवघडत न्हाई का वं?"

"अवघडतंय की," त्या म्हणाल्या, धार न थांबवता. "पर पुढच्या सालाला सुभेदार कंचं मशीन पळवतोय कुणाला ठावं. आपुन आपली करंगळी राखून ठिवावी."